रिकामा रकाना कुणाचा?

पुण्याच्या ऑफिसात बसून मी कंपन्यांचे शाश्वतता अहवाल तयार करणारं सॉफ्टवेअर लिहितो. घर मालवण किनाऱ्यावर. अब्बांचं आयुष्य रापणीचा दोर ओढण्यात गेलं. या दोन जगांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

सेबीने 2021 मध्ये बीआरएसआर हा अहवाल आणला आणि 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना तो बंधनकारक केला. पर्यावरण आणि समाजाशी निगडित कोणते मुद्दे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे, हे त्यात कंपनीला सांगावं लागतं. त्यासाठी बहुतेक कंपन्या गुंतवणूकदार, कर्मचारी, ग्राहक, पुरवठादार आणि स्थानिक समुदाय यांना प्रश्नावली पाठवतात, गुण मोजतात आणि आलेख काढतात.

किनाऱ्यावर प्रकल्प असलेल्या एका कंपनीचं असं काम आमच्याकडे आलं. प्रश्नावली इंग्रजीत, लिंक ईमेलने. स्थानिक समुदायाच्या रकान्यात एकही उत्तर नव्हतं. रिकामा रकाना सरासरीतून वगळायचा, ही ओळ कोडमध्ये मीच लिहिली होती. गणित चोख आलं. वीजबचत आणि डेटा सुरक्षा सर्वांत वर, मासेमारी कुठेच नाही.

वीजबचतीखाली लिहिलं होतं, ऑफिसात एलईडी दिवे बसवले. वाचून मला हसू आलं, मग लाज वाटली. आमच्याकडे एलईडी म्हटलं की रात्रीच्या समुद्रात प्रखर उजेड टाकून मासळी गोळा करणाऱ्या बोटी आठवतात. केंद्राने 2017 मध्ये त्यावर बंदी घातली, राज्याने 2016 मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. त्यामागे मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचाही दीर्घ लढा होता. आपला महत्त्वाचा मुद्दा कोणता, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त त्यांच्याकडे आलेख नव्हता.

कुणी म्हणेल, सगळेच मुद्दे महत्त्वाचे मानले तर अहवाल कोण वाचणार? बरोबर आहे, निवड करावीच लागते. पण निवड कोण करतं, हाच तर प्रश्न आहे. सांडपाणी खाडीत गेलं तर गुंतवणूकदाराच्या लेखी तो दंडाचा धोका असतो. मासळी विकणाऱ्या बाईसाठी ती त्या दिवसाची चूल असते. युरोपच्या नियमांत दोन्ही बाजू मोजतात: जगामुळे कंपनीचं काय होतं आणि कंपनीमुळे जगाचं काय होतं. आपल्याकडच्या तक्त्यात मुद्दा धोका की संधी, आणि त्याचा पैशांवर परिणाम काय, एवढंच प्रामुख्याने विचारलं जातं.

तरीही याच अहवालात आपल्या कामाच्या दोन जागा आहेत. तत्त्व 4 मध्ये कंपनीला लिहावं लागतं की तिचे हितसंबंधी कोण, त्यांच्यात दुर्बल घटक कोण आणि त्यांच्याशी संवाद कसा होतो. तत्त्व 6 मध्ये अभयारण्य किंवा सागरी किनारा नियमन क्षेत्रात वा त्याभोवती काम आहे का, हे सांगावं लागतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे.

मी कोडमधली ती ओळ बदलली. रकाना रिकामा असेल तर अहवाल पुढेच जाऊ नये, असं मला हवं होतं. वरिष्ठ म्हणाले, ग्राहक नाराज होईल. शेवटी आलेखाखाली एक ओळ छापायचं ठरलं: ‘या गटाकडून प्रतिसाद नाही.’ तीही अर्धीच खरी आहे. त्यांना कळेल अशा भाषेत, ते असतात तिथे जाऊन कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्यातले बरेच जण आयटीत, अकाउंट्समध्ये, बँकेत आहेत. गावाजवळ काम करणारी कंपनी या यादीत आहे का, ते पाहा. तिचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर मिळतो. ही दोन पानं काढा, मराठीत सांगा, जमातीच्या बैठकीत आणि मच्छीमार सोसायटीत वाचून दाखवा. मग सोसायटीच्या लेटरहेडवर कंपनीला एकच प्रश्न पाठवा: आमच्याशी कधी, कुठे आणि कोणत्या भाषेत बोललात?

रापणीत दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो. इथे आपण अजून दोराला हातच लावलेला नाही.