पारा सावलीत, माणूस उन्हात

एप्रिल उजाडला की विदर्भात एक अघोषित स्पर्धा सुरू होते. आज अकोला पुढे की चंद्रपूर, ब्रह्मपुरीने दशांशाने बाजी मारली का, याच्या बातम्या पहिल्या पानावर झळकतात. मुंबईकर ३५ अंशांना हाशहुश करू लागला की नागपूरकराला हसू येते. दोघेही भांडतात ते पाऱ्याच्या आकड्यावरून, आणि तो आकडा अर्धाच हिशेब सांगतो. हवा किती तापली हे तापमानावरून कळते. त्या हवेतून, उन्हातून आणि तापलेल्या जमिनीतून अंगात किती ऊर्जा शिरली, ती उष्णता. जीव घेते ती ही दुसरी.

हा फरक स्वयंपाकघरात रोज अनुभवाला येतो. ओव्हनच्या २०० अंशांच्या हवेत क्षणभर हात घालता येतो. इडलीपात्रातली वाफ १०० अंशांचीच, पण बेसावध हाताला फोड आणते. कातडीवर तिचे पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते. घाम याच्या नेमके उलट वागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एवढीच की तो वाळला पाहिजे. कोरड्या नागपुरात तो वाळतो, तिथला कूलरही याच तत्त्वावर चालतो. दमट किनाऱ्यावर तो नुसता निथळतो. पाणी जाते आणि उष्णता आतच राहते. नागपूरकराने हसण्याआधी हवेतली आर्द्रता विचारून घ्यावी.

नवी मुंबईत खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला. जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात त्याची बातमीही झाली नसती. त्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. व्यासपीठावर अर्थातच मांडव होता.

पाऱ्याचाही यात दोष नाही. तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवतात. ‘ट्रेझर आयलंड’कार स्टीव्हनसनच्या अभियंता वडिलांच्या नावाने ही पेटी ओळखली जाते. गावोगावच्या हवेची तुलना करायची तर ती सोय रास्तच आहे. पण किनारपट्टीवर ३७ आणि मैदानी भागात ४० अंश हे उष्णतेच्या लाटेचे उंबरठे याच सावलीतल्या आकड्यांवर बेतलेले आहेत. उन्हात खडी पसरणाऱ्याच्या अंगावर वरून सूर्य, खालून जमीन आणि आतून त्याचेच राबणारे स्नायू उष्णता ओतत असतात. त्यातले काहीच त्या पेटीत शिरत नाही.

आपला जीव मात्र दशांशात अडकलेला. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. पुढे तपासात संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. उरलेले जवळजवळ ५० अंश जणू गारव्यात जमा!

‘दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका’ हा सरकारी सल्ला उत्तम आहे. ज्याचे घर आणि पोट दोन्ही आतच चालते, त्याने तो जरूर पाळावा. बाकीच्यांसाठी कामाच्या वेळा, सावली, पाणी आणि पगारी विसावा यांचे नियम लागतील, आणि ते आर्द्रता व ऊन धरून करावे लागतील. हे अवघड आहे असे समजू नये. रस्त्याच्या कामात डांबरमिश्रण किती अंशांना पसरायचे, हे आपण काटेकोर ठरवून देतो. ते थंड पडले तर ठेकेदाराचे बिल अडते. पसरणारा तापला तर कोणाचे बिल अडावे, एवढेच ठरवायचे राहिले आहे.