मज्जातंतू म्हणजे टेलिफोनची तार?

मज्जासंस्था शिकवताना आम्ही एकच उपमा द्यायचो. मज्जातंतू म्हणजे टेलिफोनच्या तारा आणि मेंदू म्हणजे एक्स्चेंज. मुलांना चटकन कळायचं. पण मला आता वाटतं, ही उपमा वर्गातून रजा घेऊ दे.

माझं मत बदललं ते एका समुद्री गोगलगायीमुळे. तिचं नाव ॲप्लिसिया. तिच्या मज्जापेशी (आताच्या पुस्तकांत चेतापेशी) जेमतेम वीस हजार, पण काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात. एरिक कँडेल यांनी स्मृतीच्या अभ्यासासाठी हीच निवडली आणि २००० साली नोबेलचे एक मानकरी झाले.

तिच्या पोटाकडच्या भागात अशा पेशींचे दोन पुंजके आहेत. त्यांना विजेचा थोडा वेळ धक्का दिला, की तो थांबल्यावरही त्या सुमारे अर्धा तास स्पंदनं देत राहतात. त्यातून पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, बाहेर पडतात. ३६ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड काही पेशींना चेतवतं, दुसरं एक काहींना गप्प करतं. गोगलगाय चालणं-खाणं सोडून अंडी घालू लागते!

आणखी एक पेप्टाइड फक्त चार अमिनो आम्लांचं, एफएमआरएफ-अमाइड. १९७७ साली ते प्रथम एका शिंपल्यात सापडलं. ॲप्लिसियाच्या स्पर्श जाणणाऱ्या पेशीवर ते पडलं, की पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी मंदावते आणि पुढे जाणारा निरोप क्षीण होतो. तार कुठेही तुटलेली नसते, जोडणीही तीच असते. तंबोऱ्याच्या तारा त्याच, पण पहिली पंचमाऐवजी मध्यमात लावली की सगळा नाद बदलतो, तसंच हे.

कुणी म्हणेल, गोगलगायीवरून माणसाची परीक्षा कशाला? करू नयेच. पण एन्डॉर्फिन, ऑक्सिटोसिन ही आपल्या मेंदूतलीही पेप्टाइडंच आहेत.

तारेच्या उपमेत दोनच शक्यता असतात, चालू किंवा बंद. "याच्या डोक्यात काही शिरतच नाही," असं मी काही मुलांबद्दल सर्रास म्हणून गेलो. त्यांची तारच बंद आहे असं ठरवून टाकलं. त्या दिवशी ते पोर कुठल्या सुरात बसलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

असो. नातवंडांना शिकवताना तुम्ही तरी तंबोऱ्याची उपमा देऊन पाहा.