विश्लेषण : पहिल्या शोधनिबंधाची घाई नवसंशोधकांना का महागात पडते?

पीएचडीची नोंदणी होऊन जेमतेम तीन-चार महिने झालेले असतात. विषयाची मांडणीही पक्की नसते. तेवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश येतो, ‘शोधनिबंध पाठवा, आठवड्यात छापून मिळेल, सोबत प्रमाणपत्र. शुल्क फक्त दीड हजार.’ संशोधनाच्या वाटेवरचा हा पहिला सापळा असतो. विद्यार्थी त्यात का अडकतात आणि त्याला जबाबदार कोण?

नियम काय सांगतो?
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६च्या नियमावलीनुसार शोधप्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचणे सक्तीचे होते. नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीने ही सक्ती काढून टाकली. नोंदणीपासून शोधप्रबंधापर्यंत किमान तीन आणि साधारण सहा वर्षांपर्यंतचा अवधी मिळतो. कागदावर तरी पहिल्या वर्षी छापून येण्याची गरज नाही.

मग घाई कशाची?
घाई नोकरीची आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची छाननी करताना प्रत्येक शोधनिबंधाला २ गुण ठेवण्यात आले. निबंध किती, हे मोजायला सोपे. तो कसा आहे, हे पाहायला वाचावा लागतो. प्राध्यापकांची पदोन्नतीही प्रकाशनांशी जोडलेली असल्याने काही मार्गदर्शकांनाच विद्यार्थ्याच्या निबंधावर आपले नाव हवे असते. सक्ती गेली, पण धाक राहिला.

जर्नल्सच्या यादीचे काय झाले?
यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी जाहीर केली. पुण्यातील संशोधकांनी तिच्यातील विद्यापीठांनी सुचवलेल्या एक हजारांवर जर्नल्सची तपासणी केली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता दिसली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून वगळली. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता निकष सुचवण्यात आले आहेत. निर्णय संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवला आहे. एकाच केंद्रीय यादीवर सगळ्यांनी विसंबू नये, हा विचार योग्यच. पण निवडीचा भार ज्याला सर्वांत कमी अनुभव आहे, त्याच्याच खांद्यावर येत असेल तर ती स्वायत्तता नव्हे.

नुकसान नेमके कोणते?
पैसे जातात, हे सर्वांत छोटे नुकसान. एकदा छापलेला निबंध दुसऱ्या चांगल्या जर्नलला पाठवता येत नाही. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने दोन वर्षे गावोगाव फिरून दूध उत्पादक महिलांच्या मुलाखती घेतल्या. त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष अशा ठिकाणी गेला, तर तो जवळपास वाया गेला. निबंध मागे घ्यायचा म्हटले, तर त्यासाठीही पैसे मागितले जातात. शिवाय इंटरनेटवर नावापुढे तो कायम दिसत राहतो. पण खरे नुकसान वेगळेच. चांगल्या जर्नलमधील अनोळखी परीक्षक निबंधातील चुका नेमक्या दाखवतो, प्रसंगी तो नाकारतो. त्यातूनच नवा संशोधक घडतो. आठवड्यात छापणारा हे शिक्षणच हिरावून घेतो.

ओळखायचे कसे?
आयएसएसएन क्रमांक ही केवळ नोंद आहे, दर्जाची पावती नाही. परीक्षणाआधीच शुल्क मागणारे, एकाच अंकात भौतिकशास्त्रापासून भाषाशास्त्रापर्यंत सारे छापणारे, भलत्याच संस्थेचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मिरवणारे जर्नल संशयास्पद समजावे. नामांकित जर्नलची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळेही असतात. म्हणून संदेशातील लिंकवरून जाऊ नये. मागचे दोन अंक वाचावेत, संपादक मंडळातील एखाद्याला थेट मेल करून विचारावे. सर्वांत सोपी कसोटी म्हणजे आपण ज्यांचे निबंध वाचून शिकलो, ते कुठे लिहितात हे पाहणे.

जबाबदारी कोणाची?
यूजीसीच्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडी विद्यार्थीच असू शकतात. प्रत्येकाचा मसुदा वाचता यावा, हाच या मर्यादेचा अर्थ. तेव्हा पहिल्या वर्षी निबंध मागण्याऐवजी मार्गदर्शकांनी संदर्भवाचनाचा आढावा लिहून घ्यावा, विभागात तो सर्वांसमोर मांडायला लावावा आणि निबंध पाठवण्यापूर्वी जर्नलची खातरजमा स्वतः करावी. संशोधन केंद्रांनी आपापल्या विषयातील विश्वासार्ह जर्नल्सची नावे, मराठी नियतकालिकांसह, विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत. निवड समित्यांनीही निबंधांची संख्या मोजण्याऐवजी उमेदवाराचा एक निबंध वाचून त्यावर प्रश्न विचारावेत. तसे झाले तर दीड हजारांच्या प्रमाणपत्राला गिऱ्हाईक उरणार नाही. तोवर ‘पहिला निबंध कधी?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाने ‘सध्या काय वाचतो आहेस?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.