इशारा कोणासाठी?

मोठ्या रुग्णालयांत आता डॉक्टर औषधाची चिठ्ठी हाताने लिहीत नाहीत, संगणकावर लिहितात. औषधाचे नाव घातले की संगणक आपण होऊन काही गोष्टी तपासतो. या रोग्याला या औषधाची ॲलर्जी आहे का, आधीच्या औषधाशी याचे वाकडे आहे का, मात्रा जास्त होते का, बाई गरोदर आहे का. काही खटकले तर पडद्यावर इशारा येतो. ही सोय चांगलीच आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयात झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की औषधे संगणकावर लिहायला लागल्यापासून त्यांतल्या गंभीर चुका निम्म्याहून अधिक घटल्या. पण संगणक आला म्हणजे बाईचे औषध सुरक्षित झाले, असे मानायला आपण तयार असावे का?

आगरदांड्याचेच उदाहरण घेऊ. मुरूड तालुक्यातले हे खाडीकाठचे बंदर. पलीकडे दिघी, फेरीबोटीने जायचे. अशा गावातली बाई रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यातून आणते. मासळीच्या टोपल्या वाहून कंबर धरली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेते. तिसरी कुठलीतरी मुंबईच्या लेकाने धाडलेली असते. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, रक्तदाबाच्या गोळीचा गुण कमी होतो, आणि दोन्ही फार दिवस बरोबर घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ही जोडी संगणक क्षणात ओळखेल. पण दुसरी गोळी त्याला कोणी सांगितलीच नाही तर? सरकारी कागदावर एकच गोळी आहे, आणि एका गोळीचे कोणाशीच भांडण नसते.

२०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेमुळे खेड्यातल्या बाईला दूरच्या डॉक्टरचा सल्ला मिळू लागला. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी माहिती भरतात, पलीकडचा डॉक्टर औषध सुचवतो. म्हणजे भरली जाईल तेवढीच माहिती पुढे जाणार. आता ‘गरोदर आहे काय’ हा रकाना घ्या. तो भरला जातो तेव्हा खोलीत कोण असते? शेजारी सासू उभी, दारात नवरा, मागे रांगेत गावातल्या चार बायका. पाळी चुकलेली कुमारिका तिथे काय उत्तर देईल? घरी न सांगता गर्भपाताच्या गोळ्या घेतलेली बाई काय सांगेल? मानसिक आजाराची औषधे लपवून घेणारी सून तोंड उघडेल? रकान्यात ‘नाही’ पडते आणि संगणक निर्धास्त होतो. बाईला मोकळेपणी बोलता येत नाही तिथे संगणकाची तपासणीही लंगडीच राहते. हा तंत्राचा दोष नाही, घरातल्या आणि दवाखान्यातल्या सत्तेचा आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फिट्सवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतले तर दहातल्या सुमारे एका मुलात जन्मजात व्यंग येते, आणि दहातल्या तीन ते चार मुलांच्या वाढीवर परिणाम होतो. ब्रिटनने २०१८ साली मूल होऊ शकणाऱ्या बायकांसाठी या औषधाचे नियम कडक केले. ते आवश्यकच होते. पण इशाऱ्याच्या धाकाने डॉक्टरने तरुण बाईला न विचारता औषध बंद केले, किंवा भीतीने तिनेच सोडले, तर फिट्स उसळून जीवही जाऊ शकतो. बाई म्हणजे आधी गर्भाशय आणि मग माणूस, ही जुनी समजूत संगणकात घालून ठेवली तर ती अधिकच पक्की होईल. इशारा आला की बाईशी बोलणे सुरू झाले पाहिजे. दुसरे औषध आहे का, मूल हवे आहे का, कधी हवे आहे, हे तिला विचारून तिच्याबरोबर ठरवले पाहिजे.

आणि डॉक्टर तरी इशारा वाचतात का? २००६ सालच्या एका आढाव्यानुसार औषधांविषयीचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर ओलांडून पुढे जातात. कित्येक इशारे खरोखरच फालतू असतात, म्हणून सगळ्यांचीच सवय होते. पण ज्या बाईच्या पोटात गोळी जाणार, तिला इशारा आला होता हेही कळत नाही. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबाबत सावध केले. त्याने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास घेतात ती हीच गोळी, आणि ती बहुधा चिठ्ठीविना मेडिकलमधून येते. तिथे कोणता पडदा आणि कोणता इशारा?

औषधांच्या प्रश्नावर स्त्री-चळवळ आज बोलू लागलेली नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या गरोदरपण तपासायला म्हणून दिल्या जात. १९८२ साली सरकारने बंदी घातली, तर कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती आणली. स्त्री-संघटना आणि आरोग्य-गट मागे हटले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जनसुनावण्या झाल्या आणि १९८८ साली बंदी आली. औषध धोक्याचे की नाही, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाही, हे तेव्हा सिद्ध झाले. संगणकाच्या बाबतीतही तेच म्हणावे लागेल.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. औषध लिहिण्यापूर्वी बाईला एकटीला, पडद्याआड विचारावे. तिने सांगितलेले घरच्यांपर्यंत जाणार नाही, याची हमी असावी. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला तिला सांगावे आणि त्यांची नोंद करावी. धोक्याचा इशारा मराठीत छापून तिच्या हाती द्यावा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा. डॉक्टरने इशारा ओलांडला तर कारण लिहावे. आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात २००७ पासून सुरू झाली. तिच्या जनसुनवाईत औषधांचा हा हिशेबही मागता येईल. तोवर औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या फुकट दूरध्वनीवर कोणालाही कळवता येते, डॉक्टरच असावे लागत नाही. हा क्रमांक आपल्या बचत गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीला आपापली गोळ्यांची पिशवी घेऊन यायला सांगा.