नित्य शास्त्रवाचन : शाळेचे काम की घराचे?

दरवर्षी बक्षीससमारंभात काही विद्यार्थ्यांस पवित्र शास्त्राची प्रत पारितोषिक म्हणून देण्याचा प्रघात पुष्कळ मिशन शाळांत आहे. ती प्रत स्वीकारताना मुलाच्या मुखावर आनंद असतो व आईबापांसही धन्यता वाटते. पुढे ती प्रत घरी जाते, तिला कागदाचे वेष्टन चढते, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ती मोठ्या मानाने विराजमान होते. ग्रंथाचा मान राखणे चांगलेच. परंतु जो ग्रंथ वाचावा म्हणून दिला, तो केवळ मानासाठी ठेवून देणे म्हणजे दिवा लावून त्यावर टोपली पालथी घालण्यासारखेच होय.

याचा दोष मुलांच्या आळसावर टाकण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. खरे कारण असे आहे की, शास्त्र शिकविणे हे काम शाळेचे व रविवारच्या शाळेचे, अशी आपल्या ख्रिस्ती घरांनी समजूत करून घेतली आहे. शाळा हे काम आपल्या परीने करते; तथापि तिच्या मर्यादा उघड आहेत. एक तर जे तासात शिकविले जाते त्याची मुलास परीक्षेची वस्तू म्हणून सवय लागते. परीक्षा संपली की वचनेही संपली. दुसरे असे की, आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार शासनमान्य शाळेत कोणाही विद्यार्थ्यास संमतीवाचून धर्मशिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकाची लागते. हा नियम आम्हांस सर्वथा योग्य वाटतो. ज्या वर्गात नाना धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात, तेथे श्रद्धेची सक्ती नसावी. परंतु त्यावरूनच हे सिद्ध होते की श्रद्धेचे नित्य पोषण शाळेत व्हावयाचे नसून ते घरातच व्हावयाचे आहे.

याविषयी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. ते आपल्या पनवेलातच आहे. येथील बेथ एल सिनेगॉग १८४९ साली स्थापन झाले. ते ज्या बेने इस्राएल समाजाचे, त्याची परंपरा अशी सांगते की, त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले आणि त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक पिढ्या हे लोक कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावोगावी तेलाचे घाणे चालवून राहिले. जवळ ग्रंथ नाही, गुरू नाही, भाषा शेजाऱ्यांचीच, म्हणजे मराठी. अशा स्थितीत त्यांजपाशी काय उरले? शनिवारचा विसावा उरला, ज्यावरून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आणि ‘शेमा’ नावाची एक लहानशी हिब्रू प्रार्थना उरली. जन्म, विवाह, मृत्यू, प्रत्येक प्रसंगी तेच शब्द घराघरांतून उच्चारले गेले. बहुतेकांस त्यांचा अर्थही नीट कळत नसे. पण त्या शब्दांत खंड पडला नाही.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी जुन्या कराराची मराठी भाषांतरे छापली; मुंबईच्या जॉन विल्सन साहेबांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. या पुस्तकांचा बेने इस्राएल लोकांनी मोठ्या आवडीने उपयोग केला. धर्म मात्र आपलाच ठेवला. जे त्यांचे पूर्वज अर्थावाचून जपत आले होते, त्याचा अर्थ त्यांस आपल्याच बोलीत सापडला. पुढे याच समाजाने योसेफ, एस्तेर इत्यादिकांच्या कथांवर मराठी कीर्तनेही रचली. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबे इस्राएल देशी गेली. परंतु त्यांचा हा धडा आपल्या गावी राहिला आहे. ग्रंथ हरवला तरी घराने नेम राखला, म्हणून त्यांची श्रद्धा टिकली. आपल्यापाशी मात्र ग्रंथ आहे आणि नेम हरवला आहे. या दोहोंत अधिक शोचनीय स्थिती कोणती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

‘शेमा’चे मूळ शब्द अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहेत. त्यांच्या लगतच आईबापांस आज्ञा आहे की, ही वचने मुलांच्या मनावर बिंबवावी. घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोलत असावे. त्या आज्ञेत शाळेचे नाव नाही, घराचे आहे.

आता, आरंभ कोठून करावा? उत्साहाच्या भरात पुष्कळजण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून प्रारंभ करतात आणि लेवीय व गणना या पुस्तकांतील विधिनियमांत व याद्यांत अडकून पडतात. लंडनमध्ये शिकत असता महात्मा गांधींचाही अनुभव असाच होता. उत्पत्तीनंतरचे अध्याय वाचताना आपणांस झोप येई, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. परंतु नव्या करारातील डोंगरावरील प्रवचन वाचताच ते त्यांच्या हृदयास जाऊन भिडले. आपले कविवर्य नारायण वामन टिळक यांजविषयीही हेच. नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. पुस्तक हाती आले की पेन्सिलीने खुणा करीत पहिल्या पानापासून वाचावे, असा टिळकांचा शिरस्ता होता. ते डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेच खिळून राहिले. पुढे १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून आमचे सांगणे असे की, नवशिक्याने मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायापासून आरंभ करावा, नंतर लूककृत शुभवर्तमान घ्यावे, आणि हाताशी एक पेन्सिल ठेवावी.

किती वाचावे, हा दुसरा प्रश्न. संपूर्ण शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. त्यांपैकी नव्या करारात २६०. आठवड्याचे पाच दिवस रोज एकच अध्याय वाचला, तरी बावन्न आठवड्यांत नवा करार पुरा होतो. मध्यम अध्याय मोठ्याने वाचावयास पाचसहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ज्यास एवढेही जड वाटेल, त्याने ११९ वे स्तोत्र घ्यावे. ते १७६ वचनांचे असले तरी त्याचे आठ आठ वचनांचे बावीस भाग मूळ रचनेतच पाडलेले आहेत. रोज एक भाग वाचला तर महिन्याच्या आत ते संपते. आपल्या गावास वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी तळी आहेत. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पनवेलकरांस समजावून सांगण्याची गरज नाही.

अधिक वाचण्याची हौस असलेल्यांस एक इशारा द्यावासा वाटतो. स्कॉटलंडातील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचे एक कोष्टक तयार केले. त्यात रोज सुमारे चार अध्याय येतात. ते कोष्टक आजही जगभर वापरले जाते. परंतु ते देतानाच त्याच्या कर्त्याने त्यातील धोकेही सांगून ठेवले होते : वाचन निव्वळ उपचार होईल, वाचणारास आपल्या धार्मिकतेचा गर्व होईल, पाने भराभर उलटण्याची खोड लागेल, आणि कित्येकांस ते ओझे वाटेल. कोष्टक हे चालणाराच्या हातातील काठीसारखे आहे; आधारास ती असावी, मिरविण्यास नसावी.

येथे पालकांचे तीन आक्षेप आम्हांस ऐकू येतात. पहिला, वेळ नाही. जे पालक पहाटेच्या लोकलने मुंबईस जातात व रात्री थकून परततात, त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु नेमास नवा वेळ लागत नाही. रोज घडणाऱ्या एखाद्या कामास तो जोडून द्यावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असता गांधीजींनी भगवद्गीतेचे श्लोक भिंतीवर चिकटवून ठेवले आणि दात घासण्याची पंधरा व स्नानाची वीस मिनिटे त्यांच्या पाठांतरास दिली. अशा रीतीने त्यांचे तेरा अध्याय मुखोद्गत झाले. मग रात्रीच्या जेवणानंतर पाने उचलण्यापूर्वी दहा मिनिटे आपणांस सापडू नयेत काय? तेवढा वेळ भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत राहिले तर कोणाचेही मोठे नुकसान होणार नाही.

दुसरा आक्षेप, सक्तीने मुलांस वीट येतो. खरे आहे, जेव्हा बाप वर्तमानपत्र वाचीत बसतो आणि मुलास शास्त्र वाचण्याची आज्ञा करतो, तेव्हा वीट आलाच पाहिजे. पण जेथे बाप वाचतो, आई वाचते, आणि मुलासही त्याच्या पाळीस चार वचने वाचण्याचा मान मिळतो, तेथे सक्तीचा प्रश्नच उरत नाही. मूल आज्ञेपेक्षा अनुकरणाने लवकर शिकते.

तिसरा, भाषा कळत नाही. हा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. आपली बरीच मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. ती आपले शास्त्र इंग्रजीत वाचतात आणि आजी मराठीत प्रार्थना करते. एकाच छपराखाली देवाशी बोलण्याच्या दोन भाषा झाल्या, आणि मुलास आजीची प्रार्थना परकी वाटू लागली, तर त्या घराने केवढे धन गमावले! पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून मराठी भाषांतर करण्यात वेचली. हेतू हा की, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीसही ते समजावे. १९२२ साली त्या निवर्तल्या तेव्हा हे काम नुकतेच पुरे झाले होते. आज तर सोप्या मराठीतील भाषांतर सहज विकत मिळते. नातवाने ते आजीस वाचून दाखवावे आणि अडेल तो शब्द आजीने सांगावा; मराठीचा व शास्त्राचा असे दोन्ही पाठ एकदमच होतील.

आमचे जे विद्यार्थी अन्य धर्मांचे आहेत, त्यांजवर या लेखाचा काही भार नाही. तथापि नित्यपाठ ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नव्हे. वारकऱ्यांच्या घरी हरिपाठ आहे, मुसलमान बंधूंच्या घरी कुराणाचे पठण आहे. ज्या घरी अशी चाल असेल त्यांनी ती सोडू नये, आणि ख्रिस्ती घरांनी आपल्या शेजाऱ्यांकडून तेवढी चिकाटी शिकावी.

सारांश, शाळा शास्त्राची ओळख करून देईल. त्याचा सहवास मात्र घरानेच घडविला पाहिजे. विद्यार्थिमित्रांनो, मे महिन्याचे दिवस एकतीस आहेत आणि नीतिसूत्रांचे अध्यायही एकतीसच. येत्या सुटीत १ तारखेस पहिला अध्याय, २ तारखेस दुसरा, असा क्रम धरा. एखादा दिवस चुकला तर खंत करीत मागे जाऊ नका. त्या तारखेचा अध्याय उघडा आणि पुढे चला. पालकहो, त्या वेळी आपण मुलाजवळ बसा, एवढेच मागणे आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आम्ही कोणाची परीक्षा घेणार नाही. पण ज्या घरी हा महिना पाळला गेला असेल, त्या घरास त्याचे फळ आमच्या गुणपत्रकावाचूनच कळून येईल.