दगड कुठल्या किताबात आहे?

रविवारी आम्ही प्रतापगडला गेलो. तिथं महादेवही आहे आणि ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गाही. शेजाऱ्यांचा मोती सोबत होता. झाडाखाली डबे उघडले, तो जवळ आला, तेव्हा आमच्याच एका चाचांनी त्याला दगड मारला. ‘नापाक आहे!’

कुत्र्यानं भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवावं, हे मला मान्य आहे. मालिकी फिक्हमध्ये तर कुत्रा पाकच मानलाय. पण दगड? सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस बुखारीत आहे.

मुलं बघत होती. मी द्रोणात पाणी ओतून मोतीपुढे ठेवलं. भांडी धुता येतात. मुलांनी पाहिलेला दगड कसा धुणार?