पटावर नाव, पाटी कोरी

शाळेच्या पटावर एका अंध मुलीचे नाव असते. हजेरीला ती ‘हजर’ म्हणते. मग गुरुजी फळ्याकडे वळतात, ‘हे असे काढा’ म्हणतात, आणि सहा वर्षांची ती पोर दिवसभर हात मांडीवर ठेवून बसते. दुपारची खिचडी खाऊन घरी जाते. कागदावर याला समावेशित शिक्षण म्हणतात. ही शुद्ध फसवणूक आहे.

साधने नाहीत, ही सबब खोटी आहे. तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा होऊन पुढे अंध झालेला लुई ब्रेल फ्रान्समधल्या आपल्या खेड्यातल्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसून शिकला. सहा ठिपक्यांची लिपी त्याने १८२९ साली प्रसिद्ध केली. तिचे भारतीय भाषांसाठीचे रूप, भारती ब्रेल, १९५१ मध्ये ठरले. म्हणजे मराठी बाराखडी बोटांखाली येऊन सत्तर वर्षे उलटली.

कायद्याचीही सबब नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमणे, पुस्तके व साधने मोफत देणे हे कर्तव्य ठरवले.

मग अडले कुठे? आपल्या दयेत. आपण तिला ‘बिचारी’ म्हणतो, गृहपाठ माफ करतो, न शिकवताच वरच्या वर्गात ढकलतो. ही माया नव्हे. तिच्याकडून काही होणार नाही, हा आपण आधीच दिलेला निकाल आहे.

फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारायला पैसा लागत नाही. त्रिकोण सुतळी डकवून दाखवता येतो, बेरीज चिंचोक्यांनी शिकवता येते. ब्रेलपाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे, हे लहान मूल शिकते. ते शिकण्याची तसदी मोठी माणसे घेत नाहीत. फिरते विशेष शिक्षक येतील तेव्हा बघू, म्हणून मोकळी होतात. ते नसतात त्या दिवशी ती मुलगी कोणाची?

शिक्षकांनो, ती तुमची विद्यार्थिनी आहे. पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: तिच्या हाती ब्रेलचे पुस्तक आले का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तिच्या हजेरीपुढची खूण पुसून टाका. ती शाळेत आली होती. शाळाच तिच्यासाठी गैरहजर होती.